प्रोटीन डेटा बँक : वगळलेल्या भागांसह वाचायचा संग्रह

जिवाणू एकमेकांना जनुके कशी देतात, हा धडा एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात मी गेली काही वर्षे शिकवते आहे, आणि त्या धड्यापुरती फळ्यावरची आकृती मला नेहमीच अपुरी वाटत आली आहे. दोन लांबट पेशी, मधे एक नळी आणि डावीकडून उजवीकडे जाणारा बाण एवढ्या भांडवलावर विद्यार्थी परीक्षेत गुण मिळवतात. पण त्या नळीची भिंत कशाची आहे, डीएनएचा एक पदर तिच्या पोकळीतून जातो म्हणजे नेमका किती जागेतून जातो, आणि त्या पदराच्या टोकाला चिकटलेले भलेमोठे प्रथिन त्याच वाटेने कसे निघते, हे सारे प्रश्न त्या बाणाखाली दडून राहतात. या प्रश्नांसाठी मी ज्या सेवेकडे वळले त्या प्रोटीन डेटा बँकेचे, म्हणजे सर्वजण ज्याला पीडीबी म्हणतात त्या संग्रहाचे, हे परीक्षण आहे. मी स्फटिकशास्त्रज्ञ नाही. रचना शोधून काढणाऱ्यांपैकी नव्हे, तर त्या उघडून पाहणाऱ्यांपैकी मी आहे, आणि परीक्षणही त्याच बाजूने लिहिले आहे.

ज्यांनी पीडीबी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७१ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अवघ्या ७ रचनांनिशी हा संग्रह सुरू झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यातील रचनांची संख्या २ लाखांपलीकडे गेली. क्ष-किरण स्फटिकशास्त्र, एनएमआर (चुंबकीय अनुनाद) किंवा क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉनने पाहणारा) यांपैकी कोणत्याही मार्गाने एखाद्या प्रथिनातील अणूंच्या जागा ठरवल्या, की संशोधक ते निर्देशांक येथे जमा करतात आणि नोंदीला चार अक्षरांचा एक संकेतांक मिळतो. संग्रह एकच आहे, पण त्याच्या खिडक्या अनेक आहेत: अमेरिकेचे आरसीएसबी, केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन येथील पीडीबीई आणि ओसाकाचे पीडीबीजे या तिन्ही संकेतस्थळांवर तीच माहिती वेगवेगळ्या मांडणीत दिसते. पैसे लागत नाहीत, खाते उघडावे लागत नाही आणि माहिती कोणत्याही कामासाठी वापरायला मोकळी आहे. आमच्यासारख्या महाविद्यालयात, जिथे एका नियतकालिकाच्या वर्गणीसाठी तीन टिप्पण्या फिरवाव्या लागतात, तिथे या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

मी मुख्यतः आरसीएसबीची खिडकी वापरते. तिथे ‘मोलस्टार’ नावाचा त्रिमिती दर्शक थेट ब्राउझरमध्ये उघडतो, संगणकावर काहीही बसवावे लागत नाही, आणि प्रयोगशाळेतील आमचे जुने संगणकही मध्यम आकाराची रचना विनातक्रार फिरवतात. मोठी रचना मात्र अडखळते. तेव्हा अणूंचे गोळे बंद करून केवळ फितीचे चित्र ठेवले, की गाडी पुन्हा चालू लागते.

पहिल्या तासाला मी विद्यार्थ्यांना ‘१ई९आर’ हा संकेतांक रोमन अक्षरांत टंकायला सांगते. आर३८८ नावाच्या प्लास्मिडवरील (प्लास्मिड म्हणजे जिवाणूतील मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे वर्तुळ) टीआरडब्ल्यूबी या प्रथिनाची ही रचना २००१ साली प्रसिद्ध झाली. संयुग्मनात, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे डीएनए जाण्याच्या क्रियेत, या प्रथिनाचे काम दुव्याचे असते: पेशीच्या आत तयार झालेला डीएनए व प्रथिनांचा गठ्ठा पेशीपटलातील वाहिनीपर्यंत आणून पोचवायचा. पडद्यावर सहा प्रती एकमेकींना बिलगून बसलेल्या दिसतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडी असाव्यात तशा. रचना बाजूने पाहताना ती भरीव वाटते. पण माऊसने हळूहळू कलंडवून वरून पाहिली, की मधोमध आरपार गेलेले भोक एकदम उघडे पडते, आणि वर्गात दरवर्षी याच क्षणी कोणीतरी ‘अरे!’ म्हणते. हा मार्ग सुमारे २० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यांश) रुंद आहे आणि पेशीद्रवाच्या बाजूला तो ८ अँगस्ट्रॉमच्या आसपास निमुळता होतो. दोन अणूंवर टिचकी मारून अंतर मोजण्याची सोय दर्शकातच आहे, त्यामुळे हे आकडे मी सांगत नाही, विद्यार्थीच काढतात. डीएनएची दुपदरी शिडी साधारण २० अँगस्ट्रॉम जाडीची असते हे त्यांना ठाऊक असते. मग निमुळत्या टोकाशी एकच पदर का जाऊ शकेल, याचे उत्तर फळ्याकडे न पाहता येते.

येथपर्यंत कोणीही पीडीबीची स्तुतीच करील. माझे म्हणणे याच्या पुढच्या पायरीपासून सुरू होते. ‘१ई९आर’च्या पानावर चित्राखाली प्रथिनाच्या साखळीची जी आडवी पट्टी असते ती नीट पाहिली, तर कळते की पहिले ७० अमिनो आम्ल-घटक या रचनेत नाहीतच. ते कापून टाकले होते, कारण प्रथिनाला पटलात रोवणारा खुंटा तोच भाग असतो आणि तो ठेवला तर प्रथिन विरघळलेल्या अवस्थेत हाताळणे व त्याचे स्फटिक मिळवणे कठीण होते. म्हणजे पटलातून माल पुढे पोचवणाऱ्या प्रथिनाचे आपले सुंदर चित्र नेमके पटलातल्या भागाशिवायचे आहे. पीडीबीचे मोल तिने काय दाखवले यात जितके आहे, तितकेच काय दाखवलेले नाही हे ती त्याच पानावर कबूल करते यात आहे. दुर्दैवाने बहुतेक वापरणारे, मी स्वतःही पहिली दोन वर्षे, चित्र पाहून पान बंद करतात.

याचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. डीएनएचा पदर कापून त्याच्या टोकाला स्वतःला जोडून घेणाऱ्या प्रथिनाला रिलॅक्सेज म्हणतात. त्याच आर३८८ प्लास्मिडच्या टीआरडब्ल्यूसी या रिलॅक्सेजची डीएनएसह रचना ‘१ओएमएच’ या नोंदीत आहे. ती २००३ साली प्रसिद्ध झाली आणि शिकवण्यासाठी याहून चांगली नोंद मला मिळालेली नाही. डीएनएचा तुकडा केसाच्या पिनेसारखा दुमडून प्रथिनाच्या कुशीत बसला आहे, आणि त्याचे एक टोक वळून थेट सक्रिय जागेत शिरले आहे. तिथे १८व्या क्रमांकाचा अमिनो आम्ल-घटक टायरोसीन आहे, आणि जवळच तीन हिस्टिडीन, जे धातूचा आयन धरून ठेवतात. पाठ्यपुस्तकात ‘रिलॅक्सेज ओरीटी येथे खाच पाडते’ असे एक वाक्य असते (ओरीटी म्हणजे प्लास्मिडच्या डीएनएवरील ती जागा, जिथून हस्तांतर सुरू होते). इथे ती खाच पाडणारा अणू बोटाने दाखवता येतो. विद्यार्थी टायरोसीनच्या टोकाचा ऑक्सिजन निवडतात, मग डीएनएचे टोक निवडतात, आणि दोघांमधली तुटक रेषा पडद्यावर उमटते. संयुग्मनाची सारी गोष्ट त्या रेषेच्या लांबीत सुरू होते.

पण पट्टी पाहा. टीआरडब्ल्यूसी हे ९६६ घटकांचे प्रथिन आहे आणि या नोंदीत त्यांपैकी सुरुवातीचे २९३ आहेत, म्हणजे एक तृतीयांशही नाहीत. उरलेल्या भागात डीएनएची शिडी उलगडणारे यंत्र, म्हणजे हेलिकेज, आहे. एकाच प्रथिनात कापणारा आणि उलगडणारा असे दोन कारागीर असून फोटो एकाचाच काढलेला आहे. एफ प्लास्मिडच्या टीआरएआय या १७५६ घटकांच्या भावंडाची रचना २०१७ साली क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने मिळाली (‘५एन८ओ’) तेव्हा ही उणीव मोठ्या प्रमाणावर भरून निघाली, पण गोष्ट आणखी गुंतागुंतीची असल्याचेही त्याच कामातून पुढे आले. हे प्रथिन दोन वेगवेगळ्या ठेवणींत राहते: एक ठेवण कापण्याच्या कामाची, दुसरी उलगडण्याच्या कामाची, आणि ओरीटीच्या डीएनएवर दोन्ही ठेवणींतील रेणू एकाच वेळी बसू शकतात. नोंदीत आहे ती उलगडणारी ठेवण. म्हणून ‘१ओएमएच’ आणि ‘५एन८ओ’ शेजारी शेजारी उघडून ‘हे पाहा, आधी आणि नंतर’ असे सांगणे सोपे असले तरी बरोबर नाही, आणि ही चूक मी एका वर्षी संपूर्ण वर्गासमोर केलेली आहे.

आणखी एक चूकही कबूल करून टाकते, कारण ती नवशिक्या वापरणाऱ्याची नेहमीची चूक आहे. स्फटिकशास्त्राच्या नोंदीत जे अणू जमा केलेले असतात तो स्फटिकाचा पुन्हा पुन्हा येणारा किमान भाग असतो, आणि प्रथिन पेशीत ज्या रूपात काम करते ते रूप त्याहून लहान किंवा मोठे असू शकते. एका नोंदीत दोन प्रती गळ्यात गळे घालून बसलेल्या दिसल्या म्हणून हे प्रथिन जोडीने काम करते असे मी सांगून मोकळी झाले. ती जोडी केवळ स्फटिकातल्या दाटीवाटीची होती. आरसीएसबीच्या पानावर डाव्या बाजूच्या चित्राला लागून बाण असतात आणि त्यांनी ‘जैविक संच’ व ‘जमा केलेला भाग’ यांत अदलाबदल करता येते. ही सोय माझ्या डोळ्यांसमोर होती. पाहिली नाही हा दोष संकेतस्थळाचा नव्हे. तरीही वाटते, की इतक्या महत्त्वाच्या फरकासाठी एवढासा बाण फारच संकोची आहे.

आता नळीकडे वळू. एफ पायलस, म्हणजे एफ प्लास्मिड असलेल्या जिवाणूची ती नळी, ज्याला जुन्या मराठी टिपणांत ‘लिंगरोम’ असा काहीसा लाजिरवाणा शब्द आढळतो, त्याच्या रचना २०१६ साली प्रसिद्ध झाल्या. जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी ई. कोलायमधील संयुग्मन १९४६ साली दाखवले, म्हणजे ज्या नळीमुळे जिवाणूंचे जनुकशास्त्र उभे राहिले तिची भिंत अणूंच्या पातळीवर दिसायला ७० वर्षे जावी लागली. ‘५एलईजी’ ही नोंद पीईडी२०८ या एफ-कुलातील प्लास्मिडच्या पायलसची असून तिचे रेझोल्यूशन, म्हणजे तपशिलाची बारकाई, ३.६ अँगस्ट्रॉम आहे (आकडा जितका लहान तितके चित्र स्पष्ट). प्रत्यक्ष एफचा पायलस त्याच कामात ५ अँगस्ट्रॉमवर थांबला. माझ्या मते संपूर्ण संग्रहात विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त थक्क करणारी नोंद हीच असेल. पायलस म्हणजे पिलिन या एकाच लहान प्रथिनाच्या असंख्य प्रतींची मळसूत्री रचना, एवढे त्यांनी वाचलेले असते. पडद्यावर मात्र प्रत्येक पिलिनसोबत एकेक फॉस्फोलिपिडचा रेणू चिकटलेला दिसतो, एकास एक या प्रमाणात, आणि त्याचे डोके पोकळीकडे वळलेले असते. पटलातला स्निग्ध रेणू प्रथिनासोबत उपटून आणून नळीच्या आतल्या अस्तरासाठी वापरला आहे. ‘छोटे रेणू’ या विभागात जाऊन तो लिपिड वेगळ्या रंगात रंगवला, आणि नळी उभी कापावी तशी दर्शकातली कापणी-पातळी मधोमध आणली, की ते अस्तर विहिरीच्या आतल्या बांधकामासारखे दिसू लागते. या अस्तरामुळे पोकळीच्या आतला विद्युतभार बदलतो. एरवी तो तीव्र धन राहिला असता आणि ऋणभारित डीएनए तिथे चिकटून बसला असता, असे मानले जाते.

बाहेरून सुमारे ८७ अँगस्ट्रॉम आणि आतून सुमारे २८ अँगस्ट्रॉम अशी या नळीची मापे आहेत. हे माप घेतल्यावर वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न आपोआप येतो: टीआरएआयसारखे प्रथिन डीएनएच्या टोकाला जोडलेल्या अवस्थेत एवढ्या पोकळीतून जाईल कसे? ‘५एन८ओ’ची रुंदी त्याच दर्शकात मोजली, तर ते घडी घातलेल्या रूपात जाणार नाही हे उघड होते. प्रथिन उलगडून, सरळ होऊन जाते, असे प्रयोगांनी दाखवले आहे. पण ते प्रयोग पीडीबीत नाहीत, कारण उलगडलेल्या प्रथिनाला ठरलेला आकारच नसतो आणि ज्याला आकार नाही त्याची नोंद होत नाही. संग्रहाची ही मर्यादा त्याच्या व्याख्येतच आहे. जनुकांची देवाणघेवाण ही हालचाल आहे आणि पीडीबीत स्थिरचित्रे आहेत.

याच्या दुसऱ्या टोकाला अवाढव्य आकाराची अडचण उभी राहते. पायलस बांधणारे आणि मालाची ने-आण करणारे यंत्र, ज्याला चौथ्या प्रकारची स्रावयंत्रणा म्हणतात, त्याच्या अभ्यासाचे दोन टप्पे पीडीबीत लागोपाठ पाहता येतात. २००९ सालची ‘३जेक्यूओ’ ही नोंद पीकेएम१०१ प्लास्मिडच्या यंत्राच्या बाह्यपटलातील टोपीची आहे: तीन प्रथिनांच्या प्रत्येकी १४ प्रती, एकूण ४२ साखळ्या, वरून पाहिल्यास १४ पाकळ्यांचे फूल. रांगोळी काढणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्यावरून ठिपके मांडण्याचा प्रयत्न केला आणि ‘१४ची सममिती हाताला येत नाही हो मॅडम, १२ किंवा १६ चालले असते’ अशी रास्त तक्रार केली. पुढे २०२२ साली लंडनमधील गॅब्रिएल वाक्समन यांच्या गटाने आर३८८च्या यंत्राची क्रायो-इलेक्ट्रॉन रचना प्रसिद्ध केली: २८ लाख डाल्टन वजनाचा आणि ९२ साखळ्यांचा संच, ज्यात पायलस बांधण्यासाठी आवश्यक १० घटकांपैकी ८ दिसतात. उरलेले दोन घटक संशोधकांनी प्रथिनांच्या सहउत्क्रांतीच्या विश्लेषणावरून प्रतिकृतीत बसवले.

ही नोंद शोधायला गेलेल्या नवख्या माणसाची निराशा होते, कारण ‘ती’ अशी एकच नोंद नाही. बाह्यपटलातला गाभा, मधला दांडा, कमानी, अंतःपटलातला भाग असे तुकडे वेगवेगळ्या नकाशांतून निघाले आणि वेगवेगळ्या संकेतांकांखाली जमा झाले. शोधनिबंधात दिसणारे सलग, देखणे यंत्र हे तुकडे जुळवून उभे केलेले आहे. हे लपवलेले नाही, उलट अशा कामात तसेच करावे लागते, पण पीडीबीच्या शोधपेटीतून आलेल्या माणसाला हाती येते ते सुट्या भागांचे गाठोडे. शिवाय पहिल्या तासाला आपण फिरवलेले टीआरडब्ल्यूबी, म्हणजे डीएनए आणून देणारा दुवा, या २०२२च्या संचात नाही. दोन्ही एकाच प्लास्मिडचे, दोन्ही एकाच यंत्राचे, पण ‘१ई९आर’ या मोठ्या यंत्राला कुठे आणि कसे टेकते ते या नोंदींवरून कळत नाही.

एवढ्या मोठ्या रचनांच्या निमित्ताने फाईलच्या स्वरूपाबद्दलही लिहायला हवे. पीडीबीची जुनी फाईल ८० रकान्यांच्या ओळींची, पंचकार्डाच्या काळातली. तिच्यात साखळीला एकच अक्षर किंवा अंक देता येतो, म्हणून ६२ साखळ्यांच्या पुढे जाता येत नाही, आणि अणू ९९,९९९पर्यंतच. ९२ साखळ्यांचे यंत्र सलग जमा करायचे ठरवले असते तरी ते या चौकटीत मावले नसते. २०१४ पासून एमएमसीआयएफ हे नवे स्वरूप संग्रहाचे अधिकृत स्वरूप झाले आहे आणि ते या बंधनांतून मोकळे आहे. तरीही जुन्या फाईलचा एक गुण मला मनापासून आवडतो: ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते, आणि ‘रिमार्क ४६५’ या शीर्षकाखाली नकाशात न दिसलेल्या घटकांची यादी असते. गैरहजर विद्यार्थ्यांचा पट असावा तशी. रचना कितीही देखणी असो, आमच्या वर्गात आधी ४६५ वाचायचा आणि मग चित्र पाहायचे असा नियम आहे.

शोधपेटीबद्दलची माझी खरी तक्रार नावांची आहे, आणि तिचे मूळ पीडीबीत नसून या अभ्यासक्षेत्राच्या सवयीत आहे. वेगवेगळ्या प्लास्मिडवरच्या जनुकांना ती सापडतील त्या क्रमाने अक्षरे देण्यात आली, आणि त्यामुळे एकाच नावाखाली भलतीच प्रथिने नांदतात. पीकेएम१०१चे टीआरएएन हे बाह्यपटलाच्या टोपीतले छोटे लिपोप्रथिन आहे. एफचे टीआरएएन मात्र समोरच्या पेशीच्या ओएमपीए या प्रथिनाला धरून दोन पेशींची पकड घट्ट करणारे, पूर्णपणे वेगळे प्रथिन आहे. टीआरएएफचीही तीच गत: एका प्लास्मिडमध्ये ते दोन्ही पटलांना जोडणारा खांब, दुसऱ्यात आणखी काही. याचा अर्थ, नाव टंकून शोधणारा विद्यार्थी ‘टीआरएएन’च्या दोन नोंदी शेजारी ठेवून आकार जुळत नाहीत म्हणून डोके खाजवत बसतो. यावर उपाय पीडीबीतच आहे: नावाने न शोधता युनिप्रॉट या प्रथिनांच्या कोशातील क्रमांकाने किंवा थेट अमिनो आम्लांच्या क्रमाने शोधावे. क्रमाने केलेला शोध झटपट होतो आणि नावांच्या गोंधळाला अजिबात दाद देत नाही.

रचनेवर कितपत विश्वास ठेवावा, यासाठी प्रत्येक नोंदीसोबत तपासणी अहवाल मिळतो, आणि वरच्या भागातच लाल ते निळ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टीवर दोन खुणा: भरीव खूण ही रचना सर्व रचनांच्या तुलनेत कुठे बसते ते सांगते, पोकळ खूण, स्फटिकशास्त्राच्या नोंदीत, साधारण तेवढ्याच रेझोल्यूशनच्या रचनांच्या तुलनेत. निळ्याकडे चांगले, लालकडे शंकास्पद. या पट्ट्यांपैकी एकीवर ‘रामचंद्रन’ हे नाव लिहिलेले असते. जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये सहकाऱ्यांसह १९६३ साली प्रसिद्ध केलेला आलेख, ज्यात प्रथिनाच्या कण्याचे कोन कोणत्या मर्यादेत राहू शकतात हे दाखवले आहे, तो आजही जगातल्या प्रत्येक नव्या प्रथिनाची पहिली चाचणी आहे. वर्गात ही पट्टी दाखवताना आवाज किंचित चढतो, हे मी नाकारणार नाही. ३.६ किंवा ३.९ अँगस्ट्रॉमच्या रचनेत बाजूच्या साखळ्यांची दिशा बरीचशी अनुमानाने ठरवलेली असते. त्यामुळे पायलसच्या नोंदीत एखाद्या अमिनो आम्लाचे टोक नेमके कुठे वळले आहे यावर मोठा सिद्धान्त उभा करणाऱ्याने आधी या पट्ट्या पाहाव्यात.

अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाची रचना अनुमानाने सांगणारी आल्फाफोल्ड ही संगणकप्रणाली आल्यावर पीडीबीची गरज काय, असा प्रश्न विद्यार्थी आता सर्रास विचारतात. जुलै २०२१ मध्ये खुल्या झालेल्या आल्फाफोल्डच्या संग्रहात वर्षभरातच २० कोटींहून अधिक अनुमानित रचना आल्या, आणि २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने त्या कामावर मोहोर उमटवली. आरसीएसबीनेही २०२२ पासून अशा अनुमानित रचना आपल्या शोधात सामावून घेतल्या आहेत. त्या प्रयोगातून आलेल्या रचनांपासून वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून चिन्हे वेगळी आहेत आणि शोधपेटीजवळ त्या हव्या-नकोचा खटका आहे. ही मांडणी प्रामाणिक आहे. पण संयुग्मनाच्या अभ्यासात एकट्या साखळीचे अनुमान फार दूर नेत नाही. पिलिनची एक प्रत म्हणजे वाकलेल्या काही सर्पिलांचा तुकडा. त्यात नळीही नाही, पोकळीही नाही आणि लिपिडही नाही. नळी ही अनेक प्रतींच्या जमावातून निर्माण होते आणि लिपिडचे अस्तर कोणाच्या कल्पनेतही नव्हते, ते सूक्ष्मदर्शीच्या नकाशात दिसले म्हणून कळले. कापलेल्या, अर्धवट दिसणाऱ्या रचनांच्या जागा भरून पाहण्यासाठी मात्र मी अनुमानांचा उपयोग जरूर करते: टीआरडब्ल्यूबीच्या हरवलेल्या ७० घटकांचा अंदाज घ्यायचा तर तिथे जावे, फक्त रंग पाहून. गडद निळा म्हणजे खात्री, नारिंगी म्हणजे जवळपास काहीच सांगता येत नाही. आणि ही सारी अनुमाने ज्या रचनांवर शिकून तयार झाली त्या पीडीबीतल्याच आहेत, हे विसरू नये.

हा विषय आपल्यापासून किती जवळ आहे हे दाखवायला मी वर्गात शेवटी एनडीएम-१ शोधायला लावते. कार्बापेनेमसारखी राखीव प्रतिजैविके निकामी करणारे हे विकर २००९ साली प्रथम नोंदवले गेले, भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाच्या क्लेब्सिएला जिवाणूत, आणि रुग्ण नवी दिल्लीला जाऊन आला होता म्हणून त्याला त्या शहराचे नाव मिळाले. पीडीबीत ‘न्यू डेल्ही’ हे शब्द टंकले की नोंदींची रांगच लागते. नाव देण्याच्या या पद्धतीवर आपल्याकडे जो संताप झाला तो मला समजतो, आणि ते नाव आता कोणत्याही संग्रहातून पुसता येणार नाही हेही समजते. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्या पहिल्या अहवालातले महत्त्वाचे वाक्य वेगळेच आहे: हे जनुक १८० किलोबेसच्या, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार अक्षरांच्या, प्लास्मिडवर होते, ते ई. कोलायमध्ये सहज जात होते, आणि त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलायमध्येही ते सापडले, म्हणजे ही देवाणघेवाण बहुधा शरीरातच झाली होती. विकराच्या रचना पीडीबीत ढिगाने आहेत. ते विकर पेशीतून पेशीत नेणाऱ्या यंत्राच्या रचना मोजक्या, आणि बऱ्याच तुकड्या-तुकड्यांत. औषध शोधणाऱ्यांचे लक्ष कुठे आहे ते या प्रमाणावरून कळते, आणि मला ते प्रमाण चुकीचे वाटते.

दर्शकात आणखी एक सोय आहे, रचना त्रिमिती छपाईच्या फाईलमध्ये उतरवून घेण्याची. त्या भरवशावर मी ‘१ई९आर’ची फाईल काढली आणि शहरातल्या एका छपाईच्या दुकानात दिली. चार दिवसांनी निळ्या प्लास्टिकचे, मुठीएवढे सुबक संत्रे हातात आले. फिरवून पाहिले, वरून पाहिले, खालून पाहिले. मधोमध भोक नव्हते. विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने अभिमानाने सांगितले, ‘‘फाईलमध्ये आतून एक भोक येत होतं मॅडम, सॉफ्टवेअरने रिपेअर करून बुजवून दिलंय. आता मॉडेल मजबूत आहे.’’ ज्याच्यासाठी केला होता अट्टहास तेच बुजवून, वर त्याचे पैसेही घेतले होते. पुढच्या वेळी मी सहापैकी तीनच साखळ्या निवडून अर्धे संत्रे छापायला दिले, म्हणजे बुजवायला भोकच उरणार नाही. तशा दोन फाका करून घेतल्या आणि त्या रबरबँडने बांधून ठेवल्या आहेत. तासाला विद्यार्थी त्यातून शिवणाचा दोरा ओवतात. वरच्या बाजूने तो सहज आत जातो, आणि खालच्या निमुळत्या टोकाशी आला की सुई मागावी लागते.